सगळ्यांना पाजलं

मुंगी दोन वर्षांची होती तेव्हा चावायची. खोटं कशाला सांगा? पुढे जे झालं ते ऐकून कुणी म्हणेल की लेकरू जन्मताच साधुसंत होतं, तर तसं काही नव्हतं. आईच्या दंडाला चावायची, आजीच्या बोटाला चावायची, आणि एकदा तर गाढवाच्या कानाला चावली. गाढवाने मान झटकली, तर हिनेच भोकाड पसरलं. शेजारच्या शिंपिणीच्या पोराच्या हातातला तुकडा ओरबाडून घ्यायची आणि तो रडायला लागला की त्याच्याकडे टुकूटुकू बघत तोच तुकडा खायची. शिंपीण म्हणायची, "कुंभारीणबाई, पोटी लेक आली की विंचू?"

कुंभारीण हसायची, पण मनात खट्टू व्हायची. पाठोपाठ दोन मुलं जन्मताच गेली, त्यानंतरची ही. जगली हेच खूप, पण जगून अशी निघाली तर?

सासूला मात्र कसली घाई नव्हती. कुंभारीण सासूला आत्याबाई म्हणायची. म्हातारी तोंडाने फटकळ, पण पोरांवर हात म्हणून उगारायची नाही. एकदा गाढवाच्या पाठीवर मातीच्या गोण्यांनी जखम झाली होती. मुंगी तिथे उभी राहून त्या जखमेत काडी खुपसत होती. कुंभारीण माठ चोपायची लाकडी थापी घेऊन धावली. तिच्या आधी म्हातारी पोचली. तिने काडी काढून घेतली, मुंगीचा तळवा धरला आणि जखमेच्या कडेला हळूच टेकवला. गाढवाचं कातडं सर्रकन थरथरलं.

"कळलं? दुखतंय त्याला. परवा तुझा गुडघा फुटला तेव्हा तुला दुखलं ना? तस्संच."

मुंगी बराच वेळ हात तसाच ठेवून उभी राहिली. मग तिने गुडघ्यावर आजी घालते तशी फुंकर घातली. गाढवाच्या पाठीला फुंकर! कुंभार चाकावर बसल्या बसल्या एवढा हसला की हातातल्या माठाचा गळा वाकडा झाला.

"आत्याबाई, एक चापट दिली असती तर लवकर कळलं असतं," कुंभारीण म्हणाली.

"चापटीने चापट कळते गं, दुसरं काही नाही," म्हातारी म्हणाली.

ते काही एका दिवसात झालं नाही. त्यानंतरही पोरगी चावायची, ओरबाडायची, रुसायची. पण तिसऱ्या वर्षी शिंपिणीचं पोर पडून रडायला लागलं, तर ही आपली चिंधीची बाहुली घेऊन गेली आणि त्याच्या तोंडावर दाबून धरली. पोर गुदमरायचीच वेळ आली होती, पण हेतू चांगला होता. चौथ्या वर्षी आपल्या ताटलीतला मऊ घास बाजूला काढून ठेवायला लागली, आजीला दात नाहीत म्हणून. हातात सतत काहीतरी घेऊन इकडून तिकडे जायची, आपल्याहून मोठं. म्हणून तर तिचं नाव मुंगी पडलं.

मग हिवाळ्यात म्हातारी उंबऱ्यावर घसरली आणि कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून ती ओसरीतल्या बाजेवर होती. तिचं सगळं अंथरुणातच. ऊन वाढलं तसा दुपारचा ताप यायला लागला. कुंभारीण चिंधी ओली करून तिच्या कपाळावर पट्टी ठेवायची आणि मुंगी शेजारी जर्मनचा पेला धरून उभी राहायची. आजीला पाणी पाजायचं काम तिचं. दोन्ही हातांनी पेला धरायचा, आजीच्या ओठांना लावायचा, थेंबही सांडायचा नाही. आजी घोट घ्यायला ओठ उघडायची, की मुंगीचंही तोंड आपोआप उघडायचं. आजीने गिळलं की ही पण गिळायची, नुसती लाळ. कुंभारीण ते रोज बघायची. आपण हिला विंचू म्हणू देत होतो, असं तिला वाटायचं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला आणि वारा सुटला तो भट्टीतून निघाल्यासारखा. विहीर खोल गेली. घरटी सहा घागरी असा नेम ठरला. आणि त्यातच माठवाल्याचं बोलावणं आलं. माठवाला म्हणजे शहरात टेम्पो भरभरून माठ नेऊन विकणारा. त्याने सांगितलं, शंभर माठ एका भट्टीतले, एका मापाचे, येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी. नव्याण्णव चालणार नाहीत. माल चांगला निघाला तर दर महिन्याला येईन.

कुंभाराने हो म्हटलं. म्हणणं भागच होतं. मागची दोन वर्षं लोक प्लास्टिकचे पिंप घेत होते आणि खाणीचा मुकादम दर आठवड्याला दारात येऊन उभा राहत होता.

"नवरा-बायको दोघांना काम आहे," मुकादम म्हणायचा. "राहायला पत्र्याची खोली. पोरगी चालेल, बारीक खडी वेचेल. म्हातारीचं तेवढं बघा. खाणीवर माझ्याकडे निजलेली माणसं चालत नाहीत."

म्हातारीचं बघायचं म्हणजे नणंदेकडे पाठवायचं. नणंदेने निरोप धाडला होता: पाठवायचं तर पाठवा, मी नाही कशी म्हणू, पण माझ्या सासूबाईंनी गोठ्याशेजारचीच जागा दिलीय आणि मला दिवसभर शेतावर जावं लागतं. निरोप ऐकून म्हातारी बाजेवरून म्हणाली, "गाईगुरं माणसांपेक्षा बरी. निदान शेपटीने माश्या तरी हाकलतील." आणि हसली. तिच्या हसण्यात कुणीच सामील झालं नाही.

तेव्हा शंभर माठ. भट्टी साधली तर घर एकत्र राहणार होतं, फसली तर विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर आणि म्हातारी गोठ्यात. इतकं ते सरळ होतं. कुंभार एकदाच बोलला. "हे जमलं तर आई इथेच मरेल, आपल्या ओसरीत," एवढं म्हणून तो माती तुडवायला गेला.

कुंभारीण पहाटे विहिरीवर जायची. सहा घागरींमध्ये चौघांचं पिणं, म्हातारीचं धुणंपुसणं आणि माती. रांगेतल्या बायका ऐकवायच्याच.

"आमच्या लेकरांना प्यायला नाही आणि ह्यांना चिखल खेळायला पाणी पाहिजे."

"अगं, पोट आहे ते आमचं," कुंभारीण म्हणायची.

"पोट आम्हालाही आहे, पण आम्ही ते चिखलाने भरत नाही," एक म्हणायची, आणि बाकीच्या तोंडाला पदर लावून हसायच्या. कुंभारीण मान खाली घालून दोर ओढत राहायची. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. सातवी घागर मागितली तेव्हा पाणी वाटणाऱ्या बाईने तिची घागर पायाने बाजूला सारली. तिने ती उचलली आणि घरी आली.

पाच दिवसांत एकशे दहा माठ झाले. दहा वरचे, फुटतुटीचे. कुंभार चाकावर गळे काढायचा, ती आतून गोटा धरून बाहेरून थापीने बूड चोपायची. चोपून चोपून उजवा खांदा वर उचलेनासा झाला. केस बांधायला हात जाईना, तेव्हा मुंगीने मागे उभं राहून तिच्या केसांची गाठ मारली, ती पण अशी की सोडवताना अर्धे केस गेले.

खरी भीती वाऱ्याची होती. माठ अर्धा ओला असताना असला वारा लागला तर गळा आधी सुकतो, बूड मागे राहतं आणि मध्येच तडकतो. म्हणून गळ्यांना ओल्या चिंध्या गुंडाळायच्या, दिवसातून चार वेळा त्यांच्यावर पाणी शिंपडायचं. सावलीत ओळीने बसलेले एकशे दहा माठ आणि प्रत्येकाच्या गळ्याला ओली पट्टी. मुंगी बघतच राहिली.

"आई, सगळ्यांना ताप आलाय?"

कुंभारीण कामाच्या तारेत होती. "हो गं बाई, आलाय," म्हणाली. "घे चिंधी, कर मदत."

आणि केली तिने मदत, खरंच केली. वाकून वाकून प्रत्येक माठाची पट्टी ओली करायची, हात फिरवायची, पुटपुटायची, "उतरेल हां, उतरेल." वाऱ्याने चिंधी उडाली की धावत जाऊन परत बांधायची. तिच्या बारक्या बोटांनी माठाला ओरखडाही जायचा नाही, कुंभारिणीच्या हातून एखादा जायचा. तीन दिवसांत एकशे दहातला एकही तडकला नाही. असं कुंभाराच्या बापाच्या वेळीही झालं नव्हतं.

"हिच्या हाताला गुण आहे," कुंभार म्हणाला. तो सहसा कुणाला चांगलं म्हणत नसे.

कुंभारिणीने तिला जवळ ओढून घामट कपाळाचा मुका घेतला. "शहाणी गं माझी बाई! तू होतीस म्हणून वाचले हो सगळे."

हे तिने म्हटलं होतं. पुढे तिला आपले हे शब्द सारखे आठवायचे.

मंगळवारी पट्ट्या काढल्या. माठ चांगले सुकून पांढुरके झाले होते. टिचकी मारली की टणटण वाजत होते. ते अंगणात उन्हात मांडले, म्हणजे उरलीसुरली ओल जाईल. बुधवारी भट्टी लावायची, गुरुवारी माठवाला. आता एकच राहिलं होतं, भट्टीला भुसा. लाकडाची वखार दोन कोसांवर. दोघांनीही जायला पाहिजे होतं, एकाने गोण्या भरायच्या, एकाने गाढव सांभाळायचं.

सुकलेल्या कच्च्या माठाला पाणी लागलं की तो गेला. ओल्या मातीला पाणी चालतं, भाजलेल्या माठाला पाणी चालतं, मधल्याला चालत नाही. कुंभाराच्या घरात हे कुणी कुणाला सांगत नाही. विस्तवात हात घालू नको हे सांगावं लागतं, पण हे नाही. कुंभारिणीला तरी कुणी सांगितलं होतं? तिचं माहेरही कुंभाराचंच. तिला ते कधी कळलं तेच आठवत नव्हतं. त्यामुळे निघताना तिने सगळं सांगितलं. आजीला पाणी दे. पट्टी ठेव. कोंबड्या अंगणात आल्या तर हाकल. माठांना धक्का लावू नको. उन्हात फिरू नको. आणि ते एक राहिलं.

"धक्का नाही लावणार," मुंगी म्हणाली.

वखारीत भुसा मिळायला वेळ लागला. मालक जेवायला गेला होता. तो परत येईपर्यंत दोघं फाटकाबाहेर उन्हात बसली. आल्यावर म्हणाला, "गोण्या ठासून भरू नका, फुकट नेताय म्हणून. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये." कुंभाराने दोन गोण्या परत सैल केल्या. ती परतली तेव्हा दुपार कलली होती.

वळणावरूनच कुंभारिणीला काहीतरी वेगळं वाटलं. अंगण काळं दिसत होतं. या उन्हात अंगण काळं कसं? तिने गाढवाचा दोर सोडला आणि चालता चालता पळायला लागली.

अंगणात चिखल होता. मागच्या ओळींमधले माठ बसले होते. बुडं विरघळून गेली होती आणि वरचे गळे चिखलावर टेकले होते, तिरके, कलंडलेले, एकमेकांच्या अंगावर पडलेले. मधल्या ओळीतले अजून उभे होते, पण त्यांच्या पोटाला भेगा पडत चालल्या होत्या आणि ती बघत असतानाच त्यातला एक फसकन खाली बसला. त्या सगळ्यांच्या गळ्यांना ओल्या चिंध्या बांधलेल्या. चिंध्या पुरल्या नाहीत तिथे आजीच्या लुगड्याची फाडलेली पट्टी. एका माठाला तर मुंगीचा स्वतःचा झगा गुंडाळलेला होता.

मुंगी उघडीच, गुडघ्यांपर्यंत चिखलात, पेला घेऊन उभी होती. चेहरा उन्हाने लालबुंद, ओठ फुटलेले. आईला बघून ती फुलली.

"आई, बघ, सगळ्यांना पाजलं!" ती ओरडली. "त्यांना केवढं ऊन लागत होतं. अंग चटचट भाजत होतं त्यांचं, मी हात लावून बघितला. आधी आजीला दिलं हां, मग ह्यांना. धक्का नाही लावला. त्या कोपऱ्यातल्यांचं राहिलं, पाणीच संपलं."

ओसरीतून म्हातारीचा आवाज आला. ऊन येऊ नये म्हणून ओसरीला पोतं टांगलेलं, तिला बाजेवरून अंगण दिसत नव्हतं. "आलात का गं? सकाळपासून राबतेय पोरगी. मी म्हटलं काय करतेस, तर म्हणे काम करते."

कुंभारिणीने पिंपात बघितलं. दोन दिवसांचं साठवलेलं पाणी, तळाला गाळ.

"आणि मी नाही प्याले," मुंगी म्हणाली. "पुरलं पाहिजे ना सगळ्यांना."

थापी भिंतीला टेकलेली होती. ती हातात कधी आली ते कुंभारिणीला कळलं नाही. जो खांदा केस बांधायला वर जात नव्हता तो आता वर जात होता आणि खाली येत होता. पाठीवर, मांड्यांवर, पेला धरलेल्या हातावर. पेला उडून चिखलात पडला. पहिल्या दोन फटक्यांना मुंगी रडलीसुद्धा नाही, नुसती आईकडे बघत राहिली. मग तिला वाटलं की आपल्याला कारण कळलं. ती कोपऱ्यातल्या उरलेल्या माठांकडे हात करून किंचाळायला लागली, "पाजते, आई! त्यांना पण पाजते! पाणी आणते मी विहिरीवरून! पाजते गं!"

ते ऐकून कुंभारिणीने आणखी जोरात मारलं. का, ते तिला कधी सांगता आलं नसतं. तोंड बंद व्हावं म्हणून असेल.

"अगं सटवे, काय करतेस? सोड तिला! काय झालंय? कुणीतरी सांगा मला काय झालंय!" म्हातारी ओरडत होती. बाजेवरून खाली यायचा तिने प्रयत्न केला आणि पडली. तो आवाज ऐकून कुंभाराचे पाय हलले. तोवर तो गाढवाचा दोर धरून नुसता उभा होता. त्याने बायकोचं मनगट धरलं.

"पुरे. मरेल ती."

म्हातारीला उचलून परत बाजेवर ठेवलं. मग तो अंगणात जाऊन खाली बसला आणि चिखल हाताने गोळा करायला लागला, सवयीने, गोळे करून एका बाजूला रचत. माती वाया गेली नव्हती. माती पुन्हा मळता येते. पण पाणी नव्हतं आणि गुरुवार परवावर आला होता. हाता-तोंडाशी आलेला घास म्हणतात तो असा चिखलात गेला.

चौतीस माठ वाचले, कोपऱ्यातले, ज्यांना मुंगीचं पाणी पुरलं नव्हतं ते.

गुरुवारी माठवाला आला. कुंभाराने टोपी काढून हातात घेतली. "माती परत मळतो. बारा दिवस द्या फक्त. तिचा हात चांगला आहे, माझाही आहे. तुम्ही बघितलंय."

"बारा दिवसांनी लोक पिंप घेऊन मोकळे झालेले असतील. चौतीस माठांसाठी टेम्पो नेऊ? डिझेल काय तुझा बाप घालणार?" माठवाला म्हणाला. मग जरा मऊ झाला. "झालं काय पण?"

कुंभाराने सांगितलं. न सांगता कसं भागणार? माठवाल्याने ऐकलं आणि पोट धरून हसला. टेम्पोच्या ड्रायव्हरला हाक मारून म्हणाला, "अरे ऐकलंस का, पोरीने माठांना पाणी पाजलं! तहान लागली म्हणे त्यांना!" ड्रायव्हर हसला. शिंपीण दारात आली होती, तीही हसली, पण लगेच तोंड झाकून घेतलं.

"ही का ती? घरातच वैरी पाळलात की," माठवाला दाराआडच्या मुंगीकडे बघून म्हणाला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. जाताना त्याने खिशातून गोळी काढून तिच्यापुढे धरली. मुंगीने हात मागे घेतले. त्याने गोळी उंबऱ्यावर ठेवली, ती मुंग्या लागेपर्यंत तिथेच होती.

गावाला हसायला एक गोष्ट झाली. शिंपिणीचा पोरगा "ए पाणीवाली, माझ्या चपलेला पण पाज," म्हणून चिडवायला लागला. मुकादम शनिवारी आला आणि कुंभाराने या वेळी त्याला बसायला पाट दिला. सोमवारी निघायचं ठरलं. नणंदेकडे निरोप गेला. चाक कुणी घेईना, म्हणून भिंतीला उभं करून ठेवलं.

कुंभारिणीचा राग दुसऱ्याच दिवशी उतरला होता. राग उतरला की माणूस उघडं पडतं. ती मुंगीच्या पाठीला तेल लावायची. थापीच्या कडेचे वळ नीट मोजता येतील असे उठले होते. उजव्या हाताची दोन बोटं सुजली होती.

"दुखतंय का गं?"

"नाही."

"आईचं चुकलं हां. आई फार दमली होती."

"मी हात नाही लावला," मुंगी म्हणाली.

"कशाला?"

"कशालाच नाही लावला."

आता ती कशालाच हात लावत नव्हती. जेवायला वाढलं तर विचारायची, "खाऊ?" मऊ घास बाजूला काढून ठेवणं बंद झालं. आजी हाक मारायची, "मुंगे, ये गं, पाय चेप जरा," तर ती ओसरीच्या खांबापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. म्हातारी सुनेला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. कुंभारीण तिची गादी बदलायला गेली की ती तोंड भिंतीकडे वळवायची.

रविवारी शिंपिणीचं धाकटं, रांगतं बाळ पायरीवरून घरंगळलं. कुंभारीण भांडी पोत्यात भरत होती, तिला खिडकीतून दिसलं. बाळ उताणं पडून टाहो फोडत होतं आणि मुंगी तिथून चार हातांवर ओट्यावर बसलेली होती. ती उठली नाही. तिने आपले दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर दाबून बसली. बाळाकडे बघत बसली, टुकूटुकू. शिंपीण धावत आली, बाळ उचललं, म्हणाली, "काय गं, बसून राहिलीस, मला तरी हाक मारायचीस!" मुंगी म्हणाली, "मी नाही काही केलं."

कुंभारिणीच्या हातातलं भांडं पोत्यात पडलं. तिला ती गाढवाची जखम आठवली आणि चापटीचं म्हातारीचं बोलणं आठवलं. खाणीवर दिवसभर हातोडा मारताना पोरीला परत तसं कोण शिकवणार? शिकवणारी तर उद्या गोठ्यात जाणार. आणि आपण शिकवायला गेलो तर आपला हात उचललेला बघून पोरगी मान खाली घालणार. आपल्या हाताने झालेलं कसं निस्तरायचं हे तिला कळेना. ती तिथेच पोत्यावर बसून रडली, आवाज न करता, कारण बाहेर मुकादमाचा माणूस बसला होता.

सोमवारी दुपारी नणंदेकडची बैलगाडी आली. म्हातारीची बाज उचलून अंगणात, चौतीस माठांच्या शेजारी ठेवली. ते माठ कुणी भाजलेच नव्हते. गाडीवान बैलांना पेंढा टाकत होता. कुंभार खोलीला कडी लावत होता, कडी बसत नव्हती. ऊन तसंच होतं आणि म्हातारीला ताप चढायला लागला होता.

"मुंगे," म्हातारीने हाक मारली. "पाणी दे गं बाळा. जाता जाता तुझ्या हातचं पिते."

कळशी बाजेच्या पायाशीच होती. वर जर्मनचा पेला, एका बाजूने चेपलेला. मुंगी कळशीच्या शेजारी बसली होती. ती हलली नाही. तिचे तळवे हळूहळू मांड्यांखाली गेले.

"मुंगे, ऐकू नाही आलं का? घसा सुकलाय गं माझा."

कुंभारीण गाठोडं टाकून आली. पोरीपुढे उकिडवी बसली. आवाज शक्य तेवढा मऊ करून म्हणाली, "दे ना गं आजीला पाणी. तूच तर देतेस रोज."

मुंगीने मान हलवली. "नको."

"का गं? आजी चाललीय ना. तिला तहान लागलीय."

"मारशील."

"नाही मारणार. आईची शपथ. दे बाळा." बोलता बोलता कुंभारिणीने तिच्या खांद्याकडे हात नेला, नुसता थोपटायला. पोरगी एवढी दचकली की कळशी हिंदकळली. मग ती घाईने उठली, पेला भरला, दोन्ही हातांनी धरून बाजेशी गेली आणि आजीच्या ओठांना लावला. नीट दिलं तिने पाणी. थेंबही सांडला नाही.

म्हातारीने ओठ उघडले, घोट घेतला, गिळला. दुसरा घेतला. पिता पिता ती नातीच्या तोंडाकडे बघत होती.

मुंगी आजीकडे बघत नव्हती. तिने मान खांद्यांत ओढून घेतली होती आणि तिचे डोळे आईच्या हातावर होते. आजी पीत होती तेवढा वेळ तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

"पुरे," म्हातारी म्हणाली. पेला अर्धा राहिला होता. "उचला मला."